जोसेफची घागर

इंदूताईंना पहिल्यांदा भेटणाऱ्या माणसाची चूक ठरलेली असायची. तो त्यांच्या डोळ्यांकडे बघायचा आणि विचारायचा, "तुम्ही कोकणस्थ का?" डोळे घारे, आडनाव पाटील, माहेर धानोऱ्याचं आणि तोंडात अहिराणी, हे गणित नंदुरबारात कुणालाच सुटायचं नाही. एकदा शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी भर स्टाफरूममध्ये हाच प्रश्न केला. आवाजात आपलं माणूस सापडल्याचा आनंद होता. इंदूताई भाकरी-ठेचा खात होत्या. त्यांनी घास सावकाश गिळला आणि म्हणाल्या, "नाही साहेब. आमचे पणजोबा इंग्रज होते."

साहेब खुर्चीत पुढे सरकले. "अरे वा! कलेक्टर वगैरे?"

"छे हो. मजूर. रेल्वेच्या लायनीवर रूळ बसवायचे." मग डबा साहेबांपुढे सरकवला. "घ्या ना, ठेचा घ्या."

साहेबांनी ठेचा घेतला आणि पुढची तपासणी डोळे पुसत केली. मी त्या शाळेत नुकताच लागलो होतो, इंग्रजी शिकवायला. नगरकडचा माणूस, इथली बोली अर्धी कळायची, अर्धी अंदाजाने. पण या बाईंशी वाकडं घ्यायचं नाही एवढं त्या दिवशी पुरतं कळलं.

इंदूताई भूगोल शिकवायच्या. फळ्यावर तापी काढायच्या ती नकाशाकडे न बघता, एका दमात, आणि वर्गाकडे पाठ असतानाही कोण बोलतंय ते नावानिशी सांगायच्या. शाळेत त्या प्रमाण मराठी बोलत. राग आला की मात्र अहिराणीवर येत, आणि त्यांना राग यायला फार लागत नसे. "कोन म्हने?" हे त्यांचं पालुपद. एखाद्या पोराने "तापी पूर्वेला वाहते" म्हटलं की "कोन म्हने?" मुख्याध्यापकांनी "वरून आदेश आहे" म्हटलं की "कोन म्हने?" डॉक्टरांनी मिरची बंद करायला सांगितली तेव्हाही त्यांनी तेच विचारलं. डॉक्टर म्हणाले, "मी म्हणतोय." ताई म्हणाल्या, "तुम्ही कधी खाऊन पाहिली?" आणि औषध घेऊन घरी आल्या. मिरची शेवटपर्यंत सुटली नाही.

नोकरीची सुरुवात त्यांनी मोलगीत केली होती. तिथल्या बाजाराच्या दिवशी जीपमध्ये ड्रायव्हरशेजारची जागा गावच्या पुढाऱ्यांची, आणि शिक्षिका मागे, कोंबड्यांच्या पाट्यांमध्ये. एका बाजाराला इंदूताई पुढे जाऊन बसल्या. पुढारी आले, खाकरले, उभे राहिले. ड्रायव्हरने विनवलं. ताई समोरच्या काचेतून डोंगर बघत राहिल्या. जीप हलेना, मागचे आदिवासी बाया-बाप्ये हसायला लागले, शेवटी पुढारीच मागे चढले. ही गोष्ट ताई स्वतः कधी सांगत नसत. ती मला त्या पुढाऱ्यांच्याच मुलाने सांगितली, आणि सांगताना त्याला बापापेक्षा ताईंचंच कौतुक जास्त होतं.

निवृत्तीनंतर बायका तीर्थयात्रेला जातात, नातवंडं सांभाळतात. ताईंचे यजमान आधीच गेले होते, मुलगा पुण्यात. निवृत्त झाल्यावर थोड्याच दिवसांत त्या माझ्या घरी आल्या आणि उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "सर, तुमचं इंग्रजी पोरांच्या काही कामाला आलं नाही. मन्हा कामाले तरी येऊ द्या. माझ्या पणजोबाचं नाव शोधायचंय."

तोवर मला वाटायचं, ते इंग्रज प्रकरण म्हणजे ताईंनी लोकांची तोंडं बंद करायला ठेवलेली एक थाप असेल. ती थाप नव्हती. ताईंच्या वडिलांनी त्यांना सांगितलेलं एवढंच होतं: सुरतेकडून भुसावळची लाइन पडत होती, दुष्काळ होता, आणि धानोऱ्याच्या पाटलांची विधवा बहीण भागाबाई लायनीवर माती टाकायला गेली. परत आली तेव्हा कडेवर घाऱ्या डोळ्यांचं पोर होतं. भावाने बहिणीला हाकललं नाही. पोराला मांडीवर घेतलं, आपलं नाव लावलं. ते पोर म्हणजे ताईंचे आजोबा. पुढे भागाबाई गेली, मामा गेला, आणि सगळ्या घराने मामालाच बाप मानून टाकलं. लायनीवरच्या माणसाचं नाव कुणी विचारलं नाही, आणि ज्यांना माहीत होतं त्यांनी सांगितलं नाही.

"मग आता कशाला उकरता?" मी विचारलं.

"का म्हणजे? मानूस व्हता ना तो?" ताई म्हणाल्या. "भूत थोडाच व्हता."

धानोऱ्यात या माणसाविषयी दोन मतं होती. ताईंचे थोरले भाऊ, आबा, हे घरातले कर्ते. त्यांच्या मते असा कुणी माणूस झालाच नाही आणि डोळे देवीच्या कृपेने घारे आहेत. आबांचा मुलगा राजू सुरतेला कापडाच्या धंद्यात चांगला रुळलेला. त्याच्या मते पणजोबाचा बाप ब्रिटिश कलेक्टर होता. हे त्याने सुरतेतल्या व्यापाऱ्यांना इतक्यांदा सांगितलं होतं की त्याचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला होता. ताईंना दोघांचाही सारखाच राग यायचा.

आम्ही कामाला लागलो. म्हणजे त्या सांगत आणि मी करत असे. आधी एका म्हाताऱ्या पाद्रीबाबांकडे गेलो. त्यांनी चहा दिला आणि सांगितलं की त्या काळातल्या बाप्तिस्म्यांच्या आणि दफनांच्या नोंदींच्या नकला मुंबईला जात, मुंबईहून विलायतेला. आता त्यांतल्या पुष्कळशा इंटरनेटवर बघायला मिळतात. झालं. पावसाळाभर आम्ही माझ्या जेवणाच्या टेबलावर संगणक मांडून बसलो. माझी बायको बिचारी स्वयंपाकघरात जेवायची. ते इंग्रजी हस्ताक्षर म्हणजे पावसात सापडलेल्या मुंग्या. मी भिंग लावून वाचायचो, ताई शेजारी शेंगा सोलत बसायच्या आणि मी जांभई दिली की सोलायच्या थांबायच्या.

श्रावणात मला एक इंजिनिअर सापडला. त्याच लाइनवरचा, मोठा पगारदार, त्याच सुमारास त्याच्या मुलाचा बाप्तिस्मा झालेला. आईच्या जागी मात्र त्याच्या गोऱ्या बायकोचं नाव. मी कंटाळलो होतो. म्हटलं, "ताई, खरी आई लपवून बायकोचं नाव लावलं असेल. मोठी माणसं करतात असं. हाच धरा."

"कोन म्हने?"

"मी म्हणतो."

"सर, हाऊ नही. साहेब सापडला म्हणून घरात घ्यायचा का? मन्हा मानूस सापडू दे. तो भिकारी निंघना तरी चाली."

इंजिनिअर सोडला. पुन्हा मुंग्या.

आणि मग एका दुपारी तो सापडला. फिरतीवरच्या पाद्र्याने तापीकाठच्या लाइनीवर येऊन केलेली बाप्तिस्म्याची नोंद. बापाचं नाव जोसेफ हिबर्ड. काम, रूळ बसवणारा. आईचं नाव भागी, आणि पुढे लिहिलेलं, इथलीच विधवा. मी वाचून दाखवलं. ताईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. बाई रडतील असं मला वाटलं. त्या उठल्या, माझ्या बायकोला स्वयंपाकघरातून ओढत आणलं आणि पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "वहिनी, हाई देख. मन्ही पणजी शे. भागाबाई. लायनीवर माती टाकणारीचं नाव विलायतेला जाऊन बसलं." मग रडल्या. चांगल्या मोठ्याने रडल्या, आणि रडता रडता मला म्हणाल्या की चहा करा.

पुढचं सापडायला मग वेळ लागला नाही. विलायतेतल्या खेडेगावाच्या शिरगणतीत जोसेफ सापडला. बाप शेतमजूर, आई दुसऱ्यांकडे कपडे धुणारी, भावंडं ढीगभर. आणि जोसेफ पोरगेला असताना त्याच्या नावापुढे कामाच्या रकान्यात काय लिहिलं होतं? पाखरं हाकलणारा. मालकाच्या पेरलेल्या वावरातून कावळे उडवायचं काम.

हे ऐकल्यावर ताई टाळ्या वाजवून हसल्या. "म्हंजे तो बी राखण करे! माळ्यावर बसी, गोफण फिरवी!" मी सांगितलं की तिकडे गोफण नसेल, बहुधा लाकडाची टकटकी असेल. त्या ऐकायलाच तयार नव्हत्या. त्यांनी स्वतः लहानपणी ज्वारीची राखण केली होती. ओरडून ओरडून घसा कसा बसतो, दुपारी डोळा लागला तर पाठीत कसा रट्टा बसतो, हे त्या मला असं सांगत राहिल्या, जणू जोसेफच्या शेजारच्या माळ्यावर त्याच होत्या.

तिकडेच बहिणीच्या लग्नात तो साक्षीदार होता. इतरांच्या सह्या होत्या, जोसेफच्या नावापुढे फुली होती. लिहिता येत नव्हतं. शेवटची नोंद दफनाची. बाप्तिस्म्यानंतरच्याच उन्हाळ्यातली. ताप. पाद्री हजर नाही, सोबतच्या एका रूळ बसवणाऱ्याने प्रार्थना म्हटली. आमच्या भागात कुठेतरी त्याला पुरलं. जागा लिहिलेली नाही.

मी एकदा भीतभीत विचारलं. म्हटलं, "ताई, राग मानू नका. गोरा माणूस, भुकेली विधवा, दुष्काळ. ती राजी होती की नाही, हे कागद काही सांगत नाही."

ताईंनी हातातल्या शेंगा बाजूला ठेवल्या. मग म्हणाल्या, "मलाही माहीत नाही, सर. आणि मी त्याची गोड गोष्ट करणार नाही. पण त्या काळात असे गोरे किती आले, पोरं टाकून गेले, कोणी नाव लावलं? हा पाद्रीसमोर उभा राहिला. बायकोबी नव्हती ती त्याची. तरी सांगितलं, पोऱ्या मन्हा शे. लिखता येत नव्हतं, पण नाव दिलं. त्यानी पोऱ्याले नाव दिधं आनि आपण त्यानंच नाव पुसी टाकं. हाई मी चालू देवाव नही."

चालू देणार नाही म्हणजे काय, हे मला आखाजीला समजलं.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात तिचा थाट दिवाळीहून मोठा. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, आणि घरातून गेलेल्या माणसांसाठी नवी घागर भरतात. घागरीवर खरबूज नि रव्याची गोड सांजोरी ठेवायची. कर्ता पुरुष गोवरीच्या निखाऱ्यावर पुरणपोळीचा, आमरसाचा घास तुपासह टाकतो, याला आगारी म्हणतात. बापाचं, आजाचं, पणजाचं नाव घेतो, भोवती पाणी फिरवतो. ज्याचं नाव घेतलं, तो त्या दिवशी जेवला. ज्याचं घेतलं नाही, तो उपाशी.

ताईंनी त्या वर्षी मला धानोऱ्याला नेलं. "नोंदी वाचायला माणूस हवा," म्हणाल्या. मला वाटलं रस खायला बोलावलंय. ओसरी सारवलेली, घागरी मांडलेल्या, आबा सोवळ्यात पाटावर, राजू सुरतेहून आलेला, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. आबांनी वडिलांचं नाव घेतलं. आजोबांचं घेतलं. पणजोबांच्या जागी मामाचं घ्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात ताई म्हणाल्या, "दादा, आनखी एक नाव शे. जोसेफ."

घरात भांडं पडल्यासारखं झालं. आबा वर न बघता म्हणाले, "इंदे, आखाजीना दिन डोकं नको खाऊ."

"डोकं नही खात. नाव ले फक्त."

"वाढवं कोनी? मामानी. पोटले भाकर दिधी कोनी? मामानी. आनि आगारी कोनी खावानी, तो गोरा?"

मला आबांचं म्हणणं चुकीचं वाटलं नाही, हे सांगून टाकतो. ज्या मामाने गावाच्या नाकावर टिच्चून बहिणीचं पोर सांभाळलं, त्याच्या घासात वाटेकरी का आणायचा? पण ताईंनी हा विचार आधीच केलेला होता.

"मामानं नाव बी ले! पहिलं मामानं ले. मी काढ म्हनी ऱ्हायनू का? दोन घास टाक. घरमा पुरन कमी शे का?"

आता राजू मध्ये पडला. आत्याला इकडे फुई म्हणतात. "फुई, नाव घ्यायला माझी हरकत नाही. पण नीट घेऊ. मोठा साहेब होता, कलेक्टर."

"मजूर व्हता," ताई म्हणाल्या. "सर, सांगा त्याले."

मी नोंदी वाचल्या. पाखरं हाकलणारा, रूळ बसवणारा, सहीच्या जागी फुली. राजूचा चेहरा बघण्यासारखा झाला. सगळं सुरत त्याच्या डोळ्यांपुढून गेलं असावं. तो खालच्या आवाजात म्हणाला, "फुई, हाई कोनले सांगू नको." म्हणजे ज्याला तो गोरा म्हणून नको होता तो एका बाजूला, ज्याला तो गरीब म्हणून नको होता तो दुसऱ्या बाजूला, आणि मधे या एकट्या. मला वाटतं, ताईंना त्या क्षणी बरंच वाटत होतं. एकटं पडलं की त्यांच्या अंगात बळ यायचं.

"त्यानं नाव आठे कोनी लेवानं नही," आबा म्हणाले. "आनि तुनी लिधं ते पुढली आखाजीले तुले लेवाले कोनी येनार नही."

साठीला आलेल्या बाईला ही धमकी म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. लेकीला आखाजीला न्यायला माहेरून जो येतो त्याला मुराळी म्हणतात. आधी भाऊ, मग भाचा. ताईंचं लग्न झाल्यापासून एकही साल मुराळ्याविना गेलं नव्हतं. यजमान वारले त्या वर्षीही आबा स्वतः आले होते, दारात बसून राहिले होते, बहिणीला घेतल्याशिवाय हलले नव्हते. ते ताईंना किती लागायचं ते मी पाहिलेलं होतं. चैत्र संपत आला की त्या पिशवी भरून ठेवत आणि रस्त्याकडे कान लावून बसत.

ताईंनी भावाकडे बघितलं. डोळे भरले होते, आवाज मात्र स्वच्छ. आपल्या ताटातली पोळी मोडली, आबांच्या बाजूने हात घालून निखाऱ्यावर टाकली आणि सगळ्या घराला, शेजारच्या घरालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "जोसेफबाबा, जेव."

आबा पाटावरून उठून आत गेले. आम्ही रस न खाता परत आलो.

पुढल्या आखाजीला खरंच कुणी आलं नाही. पुढे महिन्याभरातच मी नोकरी संपवून नगरला राहायला गेलो आणि थंडीत ताई गेल्याचा फोन आला. त्या शेवटच्या आखाजीला धानोऱ्यात काय झालं ते मी पाहिलेलं नाही. ऐकलं ते असं, की आबा घरातून बाहेर आले नाहीत, त्यांनी बहिणीला बस म्हटलं नाही, पण ताई अंगणात आगारी मांडून बसल्या तेव्हा आबांची बायको चुलीतला निखारा घेऊन आली, नणंदेपुढे ठेवला आणि आत गेली. ताईंना तेवढं पुरलं, असं सांगणारा म्हणाला. मला नाही वाटत पुरलं असेल. त्यांना दोन्ही हवं होतं, भाऊही आणि जोसेफही, आणि त्यात चुकीचं काय होतं?

मी पाहिलं ते त्या सकाळचं. नंदुरबारच्या एस.टी. स्टँडवर मी नगरच्या गाडीची चौकशी करायला गेलो होतो. धानोऱ्याची गाडी लेकीबाळींनी खच्चून भरलेली. कुणाचा भाऊ सोबत, कुणाचा भाचा. खिडकीशी इंदूताई. नवं लुगडं, मांडीवर कोरी लाल घागर, दोन्ही हातांनी धरलेली. सोबत कुणी नाही. खिडकीपाशी जाऊन म्हटलं, "ताई, मुराळी आला नाही ना? मग अशा न बोलावता कशाला जाता? मानाचा प्रश्न असतो."

"कोन म्हने मुराळी नही?" ताई म्हणाल्या. "सर, तो माणूस इतक्या लांबून आला, तापात मेला, आणि त्याला घरी न्यायला आजवर कोणीच आलं नाही. मी काय माहेरले जाई ऱ्हायनू का? त्याले घरी लई जाई ऱ्हायनू. त्याना मुराळी मी शे."

गाडी सुरू झाली. खड्ड्यात आदळली तशी ताईंनी घागर पोटाशी धरली आणि शेजारच्या बाईला जरा सरकायला सांगितलं, दोन माणसांची जागा करायला सांगावं तसं.